पदवीनंतरचे सहा महिने

बी.एस्सी.चा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि घरी आलेले काका-मामा विचारतात, "न्यूट्रिशन केलंस ते छान झालं गं, पण नोकरी कुठे मिळते त्यात?" इंजिनिअर झालेल्या भावाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, तो वर्षभर घरी बसला असला तरी. काकांचा यात फारसा दोष नाही. त्यांनी आहारतज्ज्ञ पाहिलेली असते ती दोनच ठिकाणी: हॉस्पिटलच्या बिलात 'डाएट कन्सल्टेशन' या ओळीत, आणि मोबाइलवर, हातात भोपळ्याच्या बिया घेऊन हसताना. या दोहोंच्या मधे जो अख्खा व्यवसाय पसरला आहे, तो त्यांना दिसत नाही. खरं सांगायचं तर पदवी घेणाऱ्या मुलीलाही तो तिसऱ्या वर्षापर्यंत नीट दिसलेला नसतो. ('मुलीला' म्हणतो, कारण या वर्गांत अजून मुलीच जास्त असतात, मुलगे येऊ लागले आहेत, त्यांनी राग मानू नये.)

ही पुस्तिका त्या मधल्या जागेबद्दल आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातली कामं, इंटर्नशिपचे अर्ज, मुलाखतीची तयारी हे सगळं पुढच्या पानांत आहे. ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. मला प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. या पट्ट्यात पोषणशास्त्राच्या पदवीधरांना काम भरपूर आहे, पण 'डाएटिशियन पाहिजे' अशा पाटीखाली त्यातलं थोडंच सापडतं. आणि ते काम करायला जे यावं लागतं, ते पदवीच्या तीन वर्षांपेक्षा नंतरच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये जास्त शिकता येतं. अट एवढीच की इंटर्नशिप धड हवी. आपल्याकडे बहुतेक मुली इंटर्नशिप निवडतात ती हॉस्पिटलच्या नावावर, आणि गडबड तिथेच होते.

आधी परिसर पाहू. ठाणे महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. २०११च्या जनगणनेत पहिलीत अठरा लाखांवर माणसं होती, दुसरीत साडेबारा लाखांच्या आसपास. त्यानंतर घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा जे टॉवर उभे राहिले, ते या आकड्यांत नाहीत. इथली कितीतरी माणसं सकाळी सातच्या आत घर सोडतात आणि रात्री आठ-नऊला परततात. मधल्या वेळात त्यांच्या पोटात काय जातं, ते कोण शिजवतं आणि किती वाजता खाल्लं जातं, हा आरोग्याचा मोठा प्रश्न आहे. पण त्यावर पगार घेऊन काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि ठाणे जिल्हा म्हणजे केवळ ही शहरं नव्हेत. शहापूर आणि मुरबाड हे तालुकेही याच जिल्ह्यातले. कसारा लोकलमध्ये डोंबिवलीला चढलेल्या माणसाच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या असतात, आणि तीच गाडी जिथे संपते तिथल्या डोंगरातल्या पाड्यावर पुरेसं वजन नसलेलं मूल असतं. २०१४पर्यंत जव्हार-मोखाडाही ठाणे जिल्ह्यातच होते. १९९२-९३मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला, तेव्हा बातम्यांत जिल्ह्याचं नाव 'ठाणे' असंच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता, आणि त्याच सर्वेक्षणात २३ टक्के बायकांचं वजन जास्त भरलं. कमी खाणं आणि चुकीचं खाणं एकाच राज्यात, एकाच जिल्ह्यात, पुष्कळदा एकाच घरात. पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासाला याहून जवळची जागा कुठली मिळणार?

तरी ही पदवी घ्यायला इथल्या मुली पूर्वापार मुंबईला जात आल्या. एस.एन.डी.टी.चं जुहूच्या आवारातलं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, नाही तर मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन. डोंबिवलीहून जुहूला जायचं म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडायचा, पश्चिम रेल्वे पकडायची आणि पुढे बस किंवा रिक्षा. महर्षी कर्व्यांनी १९१६मध्ये महिला विद्यापीठ, म्हणजे पुढचं एस.एन.डी.टी., सुरू केलं, त्यानंतर अनेक वर्षं गृहविज्ञान म्हणजे 'लग्नाला उपयोगी पडणारी पदवी' असं समजणारे बाप होते. ते आता उरले नाहीत. पण 'स्वयंपाकाचंच शिकतेस ना?' हा सूर अजून ऐकू येतो.

त्या सुराला द्यायचं उत्तर मराठी घरातच आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी प्रवेश मागितला तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाही म्हटलं, मग अटी घालून घेतलं. १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या, विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांत आहे. पाठ्यपुस्तकांत नसतं ते पुढचं. त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम करत होत्या. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यं, तांदूळ, नीरा अशा गरिबाच्या खाण्यातल्या पदार्थांवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भार बायकांना नीरेचा उपयोग होतो का, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेला. आणि मराठीत 'आहार-गाथा' लिहिलं. एक बहीण आहाराचं रसायन तपासत होती आणि दुसरी 'खमंग' लिहीत होती, हे भागवतांचं घर मला पोषणशास्त्राच्या कुठल्याही विभागापेक्षा परिपूर्ण वाटतं. कमलाबाईंनी ओट आणि क्विनोआवर आयुष्य घालवलं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता हॉस्पिटलकडे वळू, कारण बहुतेकींच्या डोळ्यांसमोर तेच असतं आणि ते चूकही नाही. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही १९६३पासूनची संस्था. 'रजिस्टर्ड डाएटिशियन' म्हणजे आर.डी. होण्याची परीक्षा तिची. त्या परीक्षेला नुसती बी.एस्सी. चालत नाही. त्यावर आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एम.एस्सी. लागते, आणि हॉस्पिटलमधली सहा महिन्यांची इंटर्नशिप. दर वर्षी कितीतरी मुलींना हे पदवीनंतर कळतं. घरी सांगितलेलं असतं, 'तीन वर्षांत डाएटिशियन होईन'. मग आणखी दोन-अडीच वर्षांचं गणित मांडताना वडिलांचा चेहरा उतरतो. म्हणून हे पहिल्या वर्षीच सांगायला हवं.

सहा महिने वॉर्डात काय होतं? सकाळी नर्सकडून रात्री दाखल झालेल्यांची यादी घ्यायची, प्रत्येक खाटेपाशी जाऊन वजन, उंची, रिपोर्ट, काय खातात, चावता येतं का, गिळता येतं का हे विचारायचं आणि डाएट शीट भरायचं: लिक्विड, सॉफ्ट, डायबेटिक, सॉल्ट-रिस्ट्रिक्टेड, रीनल. ते शीट किचनमध्ये जातं. किचन बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचं असतं. तिथला आचारी वीस वर्षं तेच वरण करत आलेला असतो आणि त्याच्या लेखी 'रीनल' म्हणजे 'मीठ कमी'. रीनल पेशंटची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं असतं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हे त्याला समजावणं हा इंटर्नचा पहिला खरा धडा. पुस्तकात हे अर्ध्या ओळीत असतं. किचनमध्ये त्याला आठवडा लागतो, कारण आचारी म्हणतो, "ताई, मग चव कुठून आणू?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधणं हे तुमचं काम.

दुसरा धडा हॉस्पिटलच्या गेटबाहेर. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही, शहाळं नेतो. ठाण्यात काय, कल्याणात काय, हॉस्पिटल तिथे शहाळेवाला. डायलिसिसवरच्या पेशंटला एका शहाळ्यातून पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं, आणि त्याच्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बावीस वर्षांची इंटर्न जेव्हा साठीच्या मावशींना म्हणते, "शहाळं नको, मावशी," तेव्हा मावशी तिच्याकडे अशा बघतात की जणू तिने पाण्यालाच बंदी केली. 'अहो, शहाळ्याने कोणाचं वाईट झालंय का?' या प्रश्नाला 'हायपरकॅलेमिया' हे उत्तर नाही. "तुम्हाला-मला चालेल मावशी, पण यांची किडनी त्यातला क्षार बाहेर टाकत नाही, तो रक्तात साठतो आणि छातीवर येतो" हे उत्तर आहे, आणि ते मराठीत, न चिडता, दिवसातून दहा वेळा देता आलं पाहिजे. पदवीचा अभ्यास इंग्रजीत झालेला असतो. शहाळ्यापाशी ते इंग्रजी उपयोगाचं नाही.

म्हणून इंटर्नशिप निवडताना इमारतीच्या काचा बघू नका. विचारायचं ते हे: मला किचनमध्ये उभं राहू देणार का? ट्यूब फीडचं गणित मी करणार की फक्त टाईप करणार? रोज किती नवे पेशंट मी स्वतः बघणार, आणि माझं शीट तपासायला अनुभवी डाएटिशियन असणार का? आयसीयू, डायलिसिस, बाळंतीण आणि बालरुग्ण या चारही ठिकाणी पाळी येणार का? या प्रश्नांना 'हो' म्हणणारं मध्यम आकाराचं हॉस्पिटल, इंटर्नला सहा महिने कॉलवर अपॉइंटमेंट घ्यायला बसवणाऱ्या पंचतारांकित हॉस्पिटलपेक्षा दसपट बरं. अनेक मुली परळला, शीवला जाण्यासाठी जीव टाकतात. मोठी सार्वजनिक रुग्णालयं शिकायला चांगली असतात यात शंका नाही. पण कळव्याचं पाचशे खाटांचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाण्यातच आहे, वैद्यकीय महाविद्यालयासकट. ठाण्याचं सिव्हिल आहे, कल्याणचं रुक्मिणीबाई आहे, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आहे, उल्हासनगरचं मध्यवर्ती आहे. खासगीत ठाण्याच्या ज्युपिटरपासून डोंबिवली एमआयडीसीतल्या एम्सपर्यंत पर्याय आहेत. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याआधी इथे अर्ज तरी टाकून पाहावा. मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय नक्कीच मिळणार नाही. आणखी एक: एन.ए.बी.एच.ची मान्यता असलेल्या किंवा मिळवू पाहणाऱ्या हॉस्पिटलला दाखल रुग्णांच्या पोषणाची तपासणी आणि नोंद दाखवावी लागते. तिथे आहार विभागाला वजन असतं, निदान ऑडिटच्या महिन्यात तरी.

सरकारी बाजूबद्दल मुली फार कमी विचारतात, याचं मला नवल वाटतं. जिल्हा परिषदेच्या भरतीत अंगणवाडी पर्यवेक्षिका हे पद असतं, जुनं नाव मुख्यसेविका. त्याच्या पात्रतेत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास आणि पोषण या विषयांच्या पदव्यांचा नावानिशी उल्लेख आहे. पोषणाची पदवी इतक्या स्पष्टपणे मागणारी सरकारी जाहिरात दुसरी क्वचितच सापडेल, आणि तरी परीक्षेला बसणाऱ्यांत आपल्या मुली शोधाव्या लागतात. काम सोपं नाही. वीस-पंचवीस अंगणवाड्या, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, घरपोच आहाराच्या पाकिटांचा हिशेब, आणि सेविकेने घेतलेलं वजन बरोबर आहे का हे बघायला पाड्यापाड्यांवर जाणं. शहापूर-मुरबाडमध्ये पावसाळ्यात हे काय असतं ते तिथल्या सेविकांना विचारा.

आणि पोषण पुनर्वसन केंद्र. केंद्र सरकारच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा खाटांच्या केंद्राला एक पोषण समुपदेशक असतो. 'सॅम' म्हणजे अतितीव्र कुपोषित मूल तिथे येतं. दंडाला तिरंगी पट्टी लावली की घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात. अशा मुलाला भूक लागलेली असते असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा भूकच मेलेली असते. एकदम भरपूर खायला घातलं तर जीवावर बेततं. म्हणून आधी एफ-७५ हे उपचाराचं दूध: शंभर मिलिलिटरला ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. आपल्याकडे ते दूध, साखर, तेल आणि चुरमुऱ्याची पूड असं घरच्या वस्तूंतूनही करतात. सहा किलोचं मूल असेल आणि अंगावर सूज नसेल, तर किलोमागे १३० मिलिलिटर या हिशेबाने दिवसाला ७८०. दर दोन तासांनी ६५. रात्री दोनलाही, पहाटे चारलाही. वाटीत किती उरलं ते मोजायचं, ओकारीत किती गेलं त्याचा अंदाज लिहायचा. मूल सावरलं, भूक परतली, की एफ-१००. हे करताना शेजारी आई बसलेली असते, तिची घरी दोन मुलं असतात आणि तिचा रोज बुडत असतो. ती तिसऱ्या दिवशी 'जाते' म्हणते. तिला थांबवणं हे समुपदेशकाचं काम, आणि त्यासाठी कॅलरीचं कोष्टक कामाला येत नाही. ज्या विद्यार्थिनीने अशा केंद्रात दोन आठवडे जरी काढले, तिला पुढे कुठल्याही मुलाखतीत वेगळं काही सिद्ध करावं लागू नये असं माझं मत आहे. महाविद्यालयांनी ही पाळी सक्तीची करावी.

शाळेच्या जेवणाचंही तसंच. पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं द्यायची असं ठरलेलं आहे. शहरात हे जेवण शाळेत शिजत नाही. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डब्यांत येतं. महाराष्ट्रात २०२३च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिनं असतात. ती गेली तर त्याच पैशात, त्याच भांड्यात, शंभर किलो खिचडीमागे किती मटकी किंवा शेंगदाणा वाढवावा लागेल? हा प्रश्न पोषणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा आहे. प्रकल्प मात्र 'महाविद्यालयीन मुलींमधील जंक फूडचं प्रमाण' यावर होतात, कारण प्रश्नावली वर्गातच भरून मिळते.

डोंबिवलीची पोळी-भाजी केंद्रं हा माझा आवडता विषय, त्यामुळे थोडं थांबतो. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत चार केंद्रं लागतात. नोकरी करणाऱ्या बाईला त्यांनी संध्याकाळचा तास परत दिला आणि शेकडो बायकांना रोजगार दिला. त्यांची टिंगल मला आवडत नाही. पण आकडे बघू. २५ ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे ८०-८५ कॅलरी आणि जेमतेम तीन ग्रॅम प्रथिनं. आमटीच्या वाटीत २५ ग्रॅम तूरडाळ असेल तर साडेपाच ग्रॅम. दहा ग्रॅमच असेल तर दोन-सव्वादोन. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी यांतून त्याची बेरीज कशी होणार ते तुम्हीच करा. इथे पदवीधर काय करू शकते? केंद्राच्या मालकिणीला 'हेल्दी मेनू' नको असतो; तिला तोटा न होता भाजीत उसळ कशी वाढवायची, तेल किती कमी केलं तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही, मधुमेह्यांचा डबा वेगळा काढला तर किती खपेल, हे सांगणारी हवी असते. ते सांगायला बाजारभाव माहीत हवेत. तूरडाळीचा आजचा भाव ठाऊक नसलेल्या पोषणतज्ज्ञावर मी विश्वास ठेवत नाही.

हाच धागा पुढे कारखान्यांच्या कॅन्टीनपर्यंत, वागळे इस्टेटमधल्या कार्यालयांपर्यंत, क्लाउड किचनपर्यंत आणि भिवंडीच्या गोदामांपर्यंत जातो. पाकिटावरचं पोषणमूल्याचं कोष्टक कोणीतरी काढलेलं असतं; लेबलवरच्या दाव्याला एफ.एस.एस.ए.आय.चे नियम लागतात. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. ही कामं आहेत, आणि त्यांत रुग्ण नसतात, हे काहींच्या स्वभावाला बरंच आहे. फक्त सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं मनात असेल तर जाहिरात नीट वाचा. २०११च्या मूळ नियमांत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे नावं आहेत. पोषणशास्त्र वेगळ्या नावाने नाही. एका विषयाच्या नावावरून अर्ज बाद होऊ शकतो.

राहिला स्वतःचा व्यवसाय. २०१८च्या सुमारास मराठी घरांत दोन पंथ झाले होते: डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवणं, आणि ऋजुता दिवेकरांचं थोडं-थोडं, वेळेवर, घरचं खाणं. लग्नाच्या पंगतीत यावरून वाद झालेले मी ऐकले आहेत. त्या वादाने एक मात्र झालं, आहाराबद्दल पैसे देऊन सल्ला घ्यायचा असतो हे मध्यमवर्गाच्या गळी उतरलं. त्याचा फायदा शिकलेल्यांना झाला तसा न शिकलेल्यांनाही. आज गल्लीबोळात सकाळी सहाला उघडणारे 'न्यूट्रिशन क्लब' आहेत, तिथे पावडरीचा शेक मिळतो आणि देणारा 'कोच' असतो. एम.एस्सी. झालेल्या मुलीला शेजारच्या काकू विचारतात, "तूही तो शेक विकतेस का?" यावर काय बोलणार.

कायद्याने यात थोडी शिस्त आणायला सुरुवात केली आहे. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात पोषण आणि आहारशास्त्राच्या व्यावसायिकांना स्वतंत्र वर्ग म्हणून जागा मिळाली. शिक्षणाचे किमान तास ठरले, राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद झाली, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्राने नवे अभ्यासक्रम जाहीर केले त्यांत आहारशास्त्रही होतं. पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून असे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला बंदी केली. हा निर्णय मला बरोबर वाटतो. वॉर्ड न बघता डाएटिशियन होता येत नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगायला हवं. मुलं शाळेत गेल्यावर इग्नूचा पोषणाचा अभ्यासक्रम करणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या, बदलापूरच्या बायका अशा वाटेनेच या क्षेत्रात आल्या होत्या. त्यांच्यासाठी संध्याकाळची प्रत्यक्ष महाविद्यालयं या पट्ट्यात निघायला हवीत. तूर्त प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीने फी भरण्याआधी आपली पदवी या नव्या कायद्याखाली नोंदणीला चालेल का, हे महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावं. तोंडी नको.

शेवटी पैशांचं. नव्या शैक्षणिक धोरणात 'ओजेटी' म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग आली. चार श्रेयांकांची ओजेटी म्हणजे सुमारे १२० तास. ओळख व्हायला ठीक, पण ती सहा महिन्यांच्या इंटर्नशिपची जागा घेत नाही, आणि काही ठिकाणी दोन्ही एकच समजून मुलींना प्रमाणपत्र देऊन वाटेला लावतात, तसं होऊ देऊ नका. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठरलेलं आहे. आस्थापना नोंदलेली असेल तर विचारायला हरकत नाही. एरवी बहुतेक हॉस्पिटलांत आहार विभागाच्या इंटर्नला काही मिळत नाही. काही ठिकाणी तर उलट तिच्याकडूनच फी घेतात, आणि तिने भरलेल्या डाएट शीटवर पेशंटच्या बिलात सल्ल्याची रक्कम लागते. हा हिशेब कुठल्याही व्यवस्थापकाने कागदावर मांडून बघावा.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या हॉस्पिटलचालकांना म्हणून एवढीच विनंती. पूर्ण स्टायपेंड परवडत नसेल तर नसेल. पण सहा महिने तुमच्या वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुलीला लोकलचा पास आणि दुपारचं जेवण द्या; ज्या किचनचं जेवण तीच तपासते, त्याच किचनमधलं.